आहेर कापायचा नसतो

मला कुठे परिसंवादाला बोलावलं की ओळख करून देणारा माणूस ‘संघर्षग्रस्त भागांतलं जगणं टिपणाऱ्या माहितीपटकार आणि कार्यकर्त्या’ असं एका दमात म्हणतो आणि मग घोटभर पाणी पितो. त्यानंतर श्रोत्यांमधून कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, तुम्ही शिकलात कुठे?’ मी सांगते, सुरतेत, लग्नांच्या मांडवात. लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई गमतीच्या आहेत. मी अजिबात गमतीत बोललेली नसते, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचे आप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते, माय घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची. मी दहावी होऊन घरात बसले होते, म्हणजे लग्नाच्या रांगेत उभी होते. तेवढ्यात व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवणाऱ्या एका शेठला बाई हवी होती. हळदीला, मेंदीला आणि मुसलमानांच्या लग्नात तर बायकांच्या अख्ख्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नसे. आप्पांनी आधी नाही म्हटलं, मग विचार करतो म्हटलं, आणि शेठ स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेल्यावर ‘जाऊ दे तिला’ म्हटलं. शेठने माझ्या खांद्यावर तो ट्रंकेएवढा कॅमेरा ठेवला तेव्हा माझी मान जी वाकडी झाली, ती पुन्हा पुरती सरळ झालीच नाही.

पण काय शिकले म्हणून सांगू! रडणाऱ्या आईच्या फार जवळ जायचं नाही. जेवणाऱ्याच्या तोंडावर दिवा मारायचा नाही. म्हाताऱ्यांना आधी घ्यायचं, ते लवकर रुसतात. आणि सगळ्यांच्या वरचा नियम म्हणजे आहेर कापायचा नाही. आमच्या खानदेशी लग्नांत आहेर माइकवर पुकारतात, अमक्याकडून पातेलं, तमक्याकडून साडी, आणि घेणारा ती वस्तू दोन्ही हातांनी वर धरून कॅमेऱ्याला दाखवतो. नवरदेव फ्रेमबाहेर गेला तरी लोक चालवून घेतात. पण एका मामाचं स्टीलचं पातेलं कॅसेटमध्ये आलं नाही म्हणून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. त्यांनी कॅसेट दुकानात परत आणून आपटली, ती माझ्याच पायांवर.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातून आलेल्यांची. गल्लीच्या शेवटी मात्र एक ओळ होती, तिथे लूमवर काम करणारी मुसलमान कुटुंबं राहायची. त्यातल्या पहिल्या घरातली खाला म्हणजे मायची जिवाभावाची मैत्रीण. ती मूळची नंदुरबारकडची, हिंदी बोलायची पण हेल आमचा. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात ती पुढे असायची आणि आपलं पातेलं नीट पुकारलं की नाही, हे कान देऊन ऐकायची. नवरा वारलेला, घरात ती आणि एकुलती मुलगी दोघीच. मुलगी माझ्याच वयाची. तिचं लग्न ठरलं होतं आणि बायकांच्या बाजूचं शूटिंग मीच करणार, हे खालाने तारीख ठरायच्या आधी ठरवून टाकलं होतं.

मग त्या हिवाळ्यात शहर पेटलं. जाळायला आलेले आमच्या गल्लीतले नव्हते, बाहेरचे होते. शेवटच्या ओळीतली माणसं मागच्या नाल्याकडून निसटली म्हणून वाचली. घरं वाचली नाहीत. जाताना त्या टोळक्याने आम्हा सगळ्यांना ऐकवलं, की ह्यांना जो मदत करेल त्याचं घर पुढचं. आप्पांसकट सगळे कर्ते पुरुष दारात उभे होते आणि कुणी काही बोललं नाही. नंतर कित्येक दिवस ‘बाहेरचे होते’ एवढंच एक वाक्य गल्लीत चालायचं. ते खरं होतं, पण त्यापुढे कुणाची जीभच रेटत नव्हती.

खाला आणि तिच्या ओळीतली माणसं एका शाळेत उघडलेल्या कॅम्पात होती. कर्फ्यू सैलावल्यावर मी तिला भेटायला गेले. लग्नं सगळी रद्द झाली होती, कॅमेरा दुकानात पडून होता, म्हणून शेठकडे मागितला. ‘फुटला तर तुझ्या लग्नाची कॅसेट फुकट काढणार नाही,’ म्हणाला आणि दिला. मला तिथे काय करायचं होतं, ते मलाही नीट माहीत नव्हतं. एवढंच वाटत होतं की ही माणसं गल्लीला दिसली पाहिजेत. नजरेआड झालेल्या माणसांविषयी आमच्याकडे एव्हाना ‘ते लोक’ असं बोलायला सुरुवात झाली होती.

कॅम्पात माझ्याआधी बरेच कॅमेरे येऊन गेले होते. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, काय काय जळालं, कसं जळालं, जरा इकडे बघून सांगा. खाला वैतागली होती. माझा कॅमेरा पाहिला आणि तिने पदर डोक्यावर घेतला, केस नीट केले, मुलीला शेजारी बसवलं.

‘रोने की शूटिंग बहुत हो गई,’ ती म्हणाली. ‘तू मेरा आहेर निकाल.’

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिने मागे हात घालून एक शिलाई मशीन पुढे ओढली. लाकूड नवं, लोखंड काळवंडलेलं. ‘आबा के घर से,’ तिने खणखणीत आवाजात पुकारलं, ‘मेरीच मशीन!’ आबा म्हणजे आमच्या गल्लीतले सर्वांत वडीलधारे, पंच म्हणा हवं तर. त्यांनी जळक्या घरातून ती मशीन बाहेर काढून, दुरुस्त करून, हातगाडीवर चिंध्यांच्या ढिगाखाली लपवून कॅम्पात पाठवली होती. मग एकेक वस्तू निघाली. हिरवं जरीचं कापड आबांच्या बायकोकडून, आम्ही तिला आक्का म्हणायचो, आणि तिने ते आबांना न सांगता दिलेलं. तवा गल्लीतल्या वायरमनच्या घरून. एका नव्या सुनेने आपली रुखवतातली साडी दिलेली. आणि एक डबा, आमच्या घरचा, पोचा पडलेला. ‘तेरी माँ के घर से, कळण्याचं पीठ!’ मी कॅमेऱ्याच्या मागे रडत होते आणि फोकस जात होता. खालाचं बघून ओळीतले बाकीचे सरसावले. माझं पण घे, माझं पण. प्रत्येकाकडे काहीतरी होतं आणि प्रत्येक वस्तू आमच्या गल्लीतून आलेली होती. हे सगळं आपल्या हातगाडीवरून नेणारी आमची भाजीवाली मावशी. तिने पाठवणाऱ्या प्रत्येक घराला शपथेवर सांगितलं होतं, ‘तुमच्याशिवाय कुणी दिलं नाही आणि कुणाला कळणार नाही.’

‘खाला, नावं घेऊ नकोस,’ मी म्हटलं. ‘त्यांना त्रास होईल.’

‘नाम लिए बगैर आहेर कैसा? तू बाद में काट दे.’

मी कबूल केलं. घरी आले तर माय ‘काय वं, कशी शे ती?’ विचारत होती, आणि पिठाचा डबा कुठे गेला ह्याबद्दल आप्पांना थापा मारत होती. माझ्या पोटात अख्खी गल्ली होती आणि बोलायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात आबांच्या ओट्यावर बैठकी सुरू झाल्या. एका दलालाला शेवटच्या ओळीची जागा गोदामासाठी हवी होती. त्याचं म्हणणं असं, की ‘त्या लोकां’नी जागा देऊन दुसरीकडे जावं, त्यातच दोन्हीकडची शांतता आहे. गल्लीने एकमुखाने ‘परत येऊ नका’ असा निरोप पाठवला की काम झालं. आबा होकारार्थी मान हलवत होते. आप्पाही हलवत होते. मी खालाला हे सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. ती म्हणाली, ‘लगन मेरे दरवाजे से होगा. नहीं तो मैं बेटी को कॅम्प से नहीं भेजूँगी, आबा को बोल दे.’ मुलाकडचे आणखी थांबायला तयार नव्हते. घर परत मिळालं नाही तर लग्नच मोडणार होतं. माझी मैत्रीण शेजारी बसून त्या मशीनचं चाक उगाच फिरवत होती.

मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, निरोप पाठवायच्या आधी रविवारी मी एक कॅसेट दाखवते, ती बघा, मग काय ते ठरवा. आबा म्हणाले, ‘कसानी कॅसेट?’ मी म्हटलं, ‘आपल्याच लोकांची.’ गल्लीत कॅसेट बघायला नाही कोण म्हणणार? प्रत्येक लग्नानंतर भाड्याचा टीव्ही-व्हीसीआर आणून सगळे एकत्र बसायचे आणि आपापलं तोंड शोधायचे. आबांनी होकार दिला.

कॅसेटचं मिक्सिंग, म्हणजे कापाकापी आणि सजावट, रिंग रोडच्या मागे एका माडीवर व्हायचं. तिथला मिक्सिंगवाला गुजराती, हाताने विजेसारखा चपळ, आणि आमच्या दुकानाची झाडून सगळी लग्नं त्याच्याच हाताखालून गेलेली. मी त्याला बजावून सांगितलं, वस्तू दाखवतात तो सगळा भाग काढ, नुसते चेहरे ठेव, आवाज नको. तो ‘हो बेन, हो बेन’ म्हणाला. रविवारी संध्याकाळी मी कॅसेट उचलली आणि बघायला वेळ नव्हता म्हणून तशीच गल्लीत आले. आबांच्या ओट्यावर टीव्ही लागला होता. पुढे पुरुष, मागे बायका, आणि आबांच्या बाजूच्या खुर्चीत तो दलाल, सुपारी चघळत.

मी बटण दाबलं आणि सनई सुरू झाली.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. त्यातून सोनेरी अक्षरांत ‘शुभ विवाह’ गोल फिरत आलं. मग एक लाल बदाम उघडला आणि त्या बदामात, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेली खाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मिक्सिंगवाल्याने सवयीने लग्नाचा सगळा साज चढवला होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. बदामात एकेक ओळखीचा चेहरा उघडत होता, मिटत होता, पाकळ्या पडत होत्या, आणि बायका नेहमीप्रमाणे बोट दाखवायला लागल्या, ‘ती दख, ती दख, कितली सुकाय गयी वं!’ त्या दंगलीनंतर गल्लीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याविषयी ‘ते लोक’ न म्हणता बोललं. मी जरा श्वास सोडला.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, ‘आहेर’. भोवती चमचमणाऱ्या चांदण्या.

त्याने तो भाग काढला नव्हता. नंतर मी त्याच्या माडीवर जाऊन कडाकडा भांडले तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, ‘आहेर कोई दिवस कपाय, बेन? झगडा थई जाय.’ माझं सांगणं त्याने ऐकलं होतं. पण पोर नवी आहे, उद्या हिच्या पायांवर कॅसेट आपटतील, अशी दया येऊन त्याने स्वतःच्या अधिकारात सगळा आहेर ठेवला होता, वर प्रत्येक वस्तू दोनदा दाखवून.

मी बटणाकडे झेपावले. खालाने दोन्ही हातांनी मशीन पुढे केली होती आणि तिचा आवाज गल्लीभर घुमला, ‘आबा के घर से, मेरीच मशीन!’

दलालाचं चघळणं थांबलं. माझं बोट बटणावर होतं आणि मागून मायचा आवाज आला, ‘बंद नको करू वं. चालू दे.’ मी मागे पाहिलं. मायला अजून माहीत नव्हतं की पुढे तिचा डबा येणार आहे. की होतं? मी आजही सांगू शकत नाही. पण मी बोट काढलं.

आक्का आबांकडे बघत होती आणि आबा जमिनीकडे. तेवढ्यात हिरवं कापड आलं, ‘आक्का की तरफ से!’ आता आबा आक्काकडे बघायला लागले. मग वायरमनचा तवा. मग नव्या सुनेची साडी, आणि तिच्या सासूने एवढा मोठा ‘आं?’ केला की दोन पोरं दचकली. मग आमचा पोचा पडलेला डबा. आप्पा वळून मायला म्हणाले, ‘तू तर म्हणे, उंदरांनी खाल्लं!’ आणि त्यावर जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. प्रत्येक घराचं नाव पुकारलं जात होतं. ज्याचं नाव यायचं तो आधी कावराबावरा व्हायचा आणि मग शेजाऱ्याचं नाव आलं की त्याच्याकडे बघून हसायचा. थोड्या वेळाने लोक आपल्या नावाची वाट बघायला लागले. एक म्हातारा तर चिडला, ‘मन्ही चादर कोठे शे?’ ती शेवटी आली, दोनदा आली, आणि त्याने विजय मिळवल्यासारखी मान डोलावली.

कॅसेट संपली तरी कुणी उठेना. आबा उभे राहिले.

‘मशीन मीच धाडी व्हती,’ ते म्हणाले. ‘माले वाटनं, तुम्ही लोके माले बोलशात.’

‘आन आम्हले वाटनं, तुम्ही बोलशात, आबा!’ वायरमन म्हणाला.

बस, एवढंच होतं ते. गल्ली आबांना भीत होती आणि आबा गल्लीला. प्रत्येक घराला वाटत होतं की आपण एकटेच आहोत, आणि एकट्याने काय करायचं म्हणून सगळे मिळून मान हलवत होते. मी त्यानंतर देशातल्या किती जळलेल्या गावांत आणि बंदुकांच्या छायेतल्या वस्त्यांत कॅमेरा घेऊन बसले. मी कुणालाही आधी ‘काय गेलं?’ असं विचारत नाही. मी विचारते, ‘कुणी काय दिलं?’ मग माणसं ताठ बसतात आणि नावं घेतात. कापायची की ठेवायची, हे मात्र मी त्यांच्यासमोर बसून ठरवते. प्रत्येक ठिकाणची गल्ली आमच्यासारखी निघेल असं नसतं.

‘मंग आते?’ आबांनी विचारलं.

‘मंग काय?’ आक्का म्हणाली. ‘बलावा तिले.’

दलाल कधी उठून गेला ते कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः कॅम्पात जाऊन खालाला आणि तिच्या अख्ख्या ओळीला गल्लीत बोलावलं. ज्या दिवशी ते परत आले त्या दिवशी आबा गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांच्यामागे पाळीवरून सुटलेले, पाळीला जाणारे, सगळे पुरुष उभे होते. ते धमकीवालं टोळकं लांबून बघून निघून गेलं. आम्हाला ‘पुढचं घर’ म्हणून धमकावणाऱ्यांना आता अख्खी गल्लीच पुढचं घर झाली होती, आणि तेवढी त्यांची छाती नव्हती. मला खच्चून ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले पण. आप्पांनी डोळे वटारले आणि मग स्वतःच हसले.

छपराचे पत्रे वायरमनने आणि आप्पांच्या मिलमधल्या दोघांनी बसवले. भिंतीला चुना मारला तरी धुराची काजळी खालून डोकावत होती, ती खालाने तशीच राहू दिली. दार मात्र तिने नवं करून घेतलं, जाड, लोखंडी कडीचं. त्या दारातून माझी मैत्रीण हिरवी जर ल्यालेली बाहेर पडली. अख्खी गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती. बायकांच्या बाजूचं शूटिंग मी केलं आणि शेठच्या कॅमेऱ्यात कधी नव्हे ती इतकी माणसं एका फ्रेममध्ये मावली. मुलीला गाडीत बसवताना खाला रडली नाही. माय रडली, आक्का रडली, आबा नाक शिंकरत राहिले. खाला ताठ उभी, घरची मालकीण, एकेका पाहुण्याला वाटेला लावत होती.

दुपार कलली, पाहुणे पांगले. माय तिला म्हणाली, आज एकटी राहू नको, आमच्याकडे चल. खालाने नकारार्थी मान हलवली. एवढे दिवस ती शाळेच्या व्हरांड्यात शंभर माणसांत झोपत होती, जिथे लावायला दार नव्हतं. ती आमच्याकडे बघून हसली, घरात गेली, आणि तिने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. माझा कॅमेरा अजून चालूच होता. मी तो त्या बंद दारावर धरून ठेवला, टेप संपेपर्यंत.

‘चाल वं,’ माय म्हणाली. ‘तिले आते तिन्हा घरमा निजू दे.’